दक्षिण समुद्रावरचा उजेड : डोळ्यांनी पाहिलेला आणि मोबाईलने टिपलेला

वाचक विचारतात

प्रश्न : माझा मुलगा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल शहराजवळच्या एका डेअरी फार्मवर नोकरी करतो. गेल्या मार्च महिन्यात एका रात्री तो मित्रांसोबत अर्ध्या तासाच्या अंतरावरील ब्लफ या बंदराच्या गावी गेला आणि तेथून त्याने आम्हाला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि आमच्याकडे दुपारचे तीन. मी अंगणात गहू वाळत घालत होते. कॉलवर आम्हाला काळोखाशिवाय काहीच दिसले नाही, परंतु नंतर त्याने जे फोटो पाठवले त्यांत समुद्राच्या कडेला हिरवा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी-लाल उजेड होता. तो स्वतःच म्हणाला, “आई, डोळ्यांना एवढा रंग दिसत नाही, पांढुरकं धुकं उभं राहिल्यासारखं दिसते.” फोटो पाहून शेजारचे म्हणाले, “हे तं मोबाईलचं काम हाय.” माझ्या यजमानांना तो लांबच्या डोंगरावर लागलेला वणवा वाटला आणि सासूबाईंच्या मते आभाळ लाल होणे अशुभ असते. यातले खरे काय, हा उजेड समुद्राच्या काठावरूनच का दिसतो आणि त्यापासून मुलाला काही अपाय तर होणार नाही ना, हे कृपया सांगावे.
— एक वाचक भगिनी, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

उत्तर : ताई, सर्वांत आधी तुमच्या काळजीविषयी. या प्रकाशापासून तुमच्या मुलाला कोणताही अपाय नाही. तो जमिनीपासून शंभर किलोमीटर आणि त्याहूनही अधिक उंचीवर निर्माण होतो; आपले ढग, पाऊस आणि विजा यांचा सारा पसारा जेमतेम पंधरा-अठरा किलोमीटरच्या आत आटोपतो. आपल्याकडे दरवर्षी शेतात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात, त्यामुळे आकाशातल्या अनोळखी उजेडाची धास्ती वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते, परंतु या प्रकाशाचा विजेशी काही संबंध नाही आणि तो अंगावर येत नाही. सासूबाईंनाही माझा नमस्कार सांगून एवढे कळवावे की त्या किनाऱ्यावरच्या लोकांना हा उजेड पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. ब्लफच्या समोर सामुद्रधुनीपलीकडे जे बेट आहे त्याचे माओरी नाव ‘राकीउरा’ असे असून त्याचा अर्थ साधारणपणे ‘उजळणारे आकाश’ असा सांगितला जातो.

तुमच्या मुलाने पाहिला तो दक्षिण ध्रुवीय प्रकाश. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा एक झोत सतत बाहेर वाहत असतो, त्याला सौरवारा म्हणतात. हा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला ताण देतो आणि तो ताण सुटतो तेव्हा इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांच्या वाटेने ध्रुवांकडच्या वातावरणात वेगाने उतरतात. तेथे ते ऑक्सिजनच्या अणूंवर आणि नायट्रोजनच्या रेणूंवर आदळतात आणि या टकरीत मिळालेली ऊर्जा ते अणू-रेणू प्रकाशाच्या रूपाने परत टाकतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असताना प्रयोगशाळेच्या खिडक्या कागदाने झाकून विरळ वायूच्या नळीतून वीज सोडून दाखवीत असे. नळी उजळली की मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे येत. ध्रुवीय प्रकाश म्हणजे तोच प्रयोग, फक्त तेथे काचेची नळी नाही आणि उजळणारा पडदा शेकडो किलोमीटर लांब असतो.

रंग उंचीवर ठरतो. सुमारे 100 ते 150 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू हिरवा प्रकाश देतात आणि 200 किलोमीटरच्या वर तेच अणू लाल प्रकाश देतात. याचे कारण मला फार सुंदर वाटते. हिरवा प्रकाश टाकायला उत्तेजित अणूला पाऊण सेकंद पुरतो, परंतु लाल प्रकाश टाकायला त्याला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. खाली हवा दाट असल्यामुळे एवढ्या वेळात दुसरा एखादा कण येऊन त्याला धडकतो आणि त्याची ऊर्जा काढून घेतो. वर हवा इतकी विरळ असते की त्याला निवांतपणे दोन मिनिटे मिळतात. नायट्रोजनचा निळा-जांभळा रंग बहुधा पडद्याच्या खालच्या काठाला दिसतो.

आता समुद्रकाठाविषयी. हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवती कड्याच्या आकाराने पडतो आणि नेहमीच्या दिवसांत ते कडे ब्लफच्या बरेच दक्षिणेला, मोकळ्या महासागरावर असते. घाटाच्या पलीकडून येणारा ट्रक दिसण्याआधी त्याच्या दिव्यांचा उजेड घाटमाथ्यावर दिसू लागतो, तसेच येथे होते. फक्त घाटाच्या जागी पृथ्वीची गोलाई असते. साधा हिशेब केला तर 100 किलोमीटर उंचीवरचा उजेड सुमारे 1,100 किलोमीटर अंतरापर्यंत क्षितिजावर दिसू शकतो आणि 250 किलोमीटर उंचीवरचा सुमारे 1,800 किलोमीटरपर्यंत. म्हणून लांबून पाहणाऱ्याला हिरवा भाग अगदी क्षितिजाला चिकटलेला दिसतो किंवा मुळीच दिसत नाही, आणि लाल-गुलाबी भाग त्याच्यावर उभा राहतो. दक्षिणेला डोंगर, झाडे किंवा शहराचे दिवे असले तर हा खालचा पट्टा हमखास झाकला जातो. ब्लफच्या दक्षिणेला सामुद्रधुनी, तुरळक वस्तीचे ते बेट आणि त्यानंतर थेट अंटार्क्टिकापर्यंत समुद्रच आहे. त्यामुळे तेथे क्षितिजापर्यंतचे आकाश काळे मिळते, आणि याच कारणाने ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील होबार्ट शहराचे लोकही अशा रात्री दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर जातात. तुमच्या मुलाच्या फोटोत हिरवा पट्टा खाली आणि लाल उजेड वर आहे, ही मांडणी या हिशेबाशी नेमकी जुळते. शेजाऱ्यांना हे अवश्य सांगावे.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. अर्जेंटिनातील उश्वाया हे गाव सुमारे 55 अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि होबार्ट 43 अंशांवर, म्हणजे उश्वाया दक्षिण ध्रुवाला बरेच जवळचे. तरीही ध्रुवीय प्रकाश उश्वायापेक्षा होबार्टमधून अधिक वेळा दिसतो. पृथ्वीचा चुंबकीय अक्ष भूगोलाच्या अक्षाशी कललेला असून दक्षिणेला तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजूला झुकला आहे, त्यामुळे प्रकाशाचे कडे त्या बाजूला वर सरकलेले असते. नकाशावरचे अंतर येथे उपयोगी पडत नाही.

मोबाईल आणि डोळा यांच्यात खरे कोण, हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न आहे, आणि दोघेही खरे हे त्याचे उत्तर आहे. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी रंग ओळखतात, परंतु त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी मंद उजेडातही काम करतात, परंतु त्यांना रंग कळत नाहीत. अमावस्येच्या रात्री वीज गेलेली असताना अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांकडे पाहावे. दिवसा एक लालभडक आणि दुसरे हिरवेगार असले तरी तेव्हा दोन्ही करडीच दिसतात. त्यांचा रंग कोठे गेलेला नसतो, आपल्या डोळ्यांची रंग ओळखण्याची शक्ती तेवढी निजलेली असते. मोबाईलच्या रात्रीच्या सेटिंगमध्ये कॅमेरा तीन सेकंद, पाच सेकंद किंवा त्याहूनही अधिक वेळ प्रकाश साठवत राहतो आणि मग त्या साठ्यातून रंग उमटतो. डोळ्याला असा साठा करता येत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेऱ्यालाही सेकंदात अनेक चित्रे काढावी लागत असल्यामुळे साठवायला वेळ मिळत नाही, म्हणून तुम्हाला अंगणात बसून नुसता काळोख दिसला. तुमचा मुलगा “पांढुरकं धुकं” म्हणाला, याचा मला विशेष आनंद झाला. फोटो दाखवून रंगांचे वर्णन करणे सोपे होते, पण त्याने डोळ्यांना दिसले तेवढेच सांगितले. मोठ्या चुंबकीय वादळाच्या रात्री, म्हणजे सौरवारा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जोराने ढवळून काढतो तेव्हा, मात्र डोळ्यांनाही रंग दिसतात. 11 मे 2024 च्या रात्री न्यूझीलंडमध्ये असंख्य लोकांनी गुलाबी आणि लाल आकाश नुसत्या डोळ्यांनी पाहिले.

पुढच्या वेळी त्याला काही गोष्टी सांगाव्यात. किनाऱ्यावर पोहोचल्यावर गाडीचे दिवे बंद करून वीस ते तीस मिनिटे अंधारात थांबावे आणि या वेळात मोबाईलच्या पडद्याकडे पाहू नये, कारण डोळे अंधाराला सरावायला एवढा वेळ लागतो आणि एका झगझगीत पडद्याने तो सराव मोडतो. समोरचे धुके ढग आहे की ध्रुवीय प्रकाश, हे ओळखण्याची खूण म्हणजे तारे : ढग ताऱ्यांना झाकतो, ध्रुवीय प्रकाशातून तारे आरपार दिसतात. त्यात उभ्या रेषा उमटून हळूहळू बाजूला सरकू लागल्या तर शंकाच उरत नाही. वणव्याच्या उजेडात धूर असतो आणि त्या धुराआडचे तारे विझतात, हे तुमच्या यजमानांनीही सातपुड्याच्या बाजूला पाहिले असेल. चांदणे नसलेली रात्र निवडावी. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास चुंबकीय वादळे थोडी अधिक प्रमाणात होतात, तर जून-जुलैत, म्हणजे आपल्याकडे पेरणीची धांदल असते तेव्हा, तेथे रात्री सर्वांत लांब असतात.

आणखी एक सुचवतो. मार्चमध्ये दिवेलागणीनंतर तुमच्या अंगणातून दक्षिणेला, क्षितिजापासून फार वर नाही अशा जागी, एक ठळक पांढरा तारा दिसतो. तो अगस्ती, विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला. त्या दिवसांत तुमचा मुलगा रात्री किनाऱ्यावर उभा असतो तेव्हा हाच तारा त्याच्या जवळजवळ डोक्यावर असतो. ध्रुवीय प्रकाश तुम्हाला एकत्र पाहता येणार नाही, परंतु हा तारा दोघांनाही आपापल्या अंगणातून पाहता येईल.

प्रश्न : असा प्रकाश विदर्भातून कधी दिसला आहे काय, किंवा पुढे दिसू शकेल काय?
— एक ज्येष्ठ वाचक, मेहकर तालुका, जिल्हा बुलढाणा

उत्तर : आपल्याला दिसलाच तर उत्तर ध्रुवाकडचा दिसेल, आणि त्याची आशा धरून रात्री जागवाव्यात असे मी म्हणणार नाही. नागपूर सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि चुंबकीय विषुववृत्तापासून मोजले तर त्याहूनही कमी अंशांवर, म्हणजे आपण त्या प्रकाशाच्या कड्यापासून फारच लांब आहोत. तरीही इतिहासात एक विलक्षण नोंद आहे : 4 फेब्रुवारी 1872 च्या महावादळात असा प्रकाश मुंबईहून दिसल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्राने नोंदवले आहे. त्याआधी सप्टेंबर 1859 च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकांनी जी प्रचंड उलथापालथ नोंदवली, तिचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ आजही करतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून या वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींचे काम 1904 मध्ये अलिबागला हलवण्यात आले, कारण ट्रामच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. एवढ्या दूरदृष्टीने जपलेली ही नोंदवही महाराष्ट्रात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मे 2024 च्या वादळात लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजाजवळ लाल प्रकाश टिपला. वरच्या उत्तरातला हिशेब तेथेही लागू पडतो : इतक्या दक्षिणेला आल्यावर पडद्याचा हिरवा भाग गोलाईआड जातो आणि वरची लाल किनार तेवढी उरते. काळ्या आकाशाची ओढ असेल तर आपल्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला आहे, तेथे ध्रुवीय प्रकाश दिसणार नाही, पण आकाशगंगेचा पट्टा पाहण्यासाठी जरूर जावे.

प्रश्न : आपले आदित्य-एल1 यान ध्रुवीय प्रकाश केव्हा दिसेल ते आधी सांगू शकते का?
— इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, वरोरा तालुका, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असलेल्या जागी पोहोचले. सूर्यावरून मोठा उद्रेक झाला की त्यातले द्रव्य पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस घेते, म्हणून दोन दिवस आधी ढोबळ अंदाज करता येतो. परंतु त्या द्रव्याबरोबर आलेले चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेचे आहे, हे त्या जागी असलेल्या यानांवरून ते गेल्याशिवाय नक्की कळत नाही. क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी नीट जोडले जाऊन प्रकाश पेटतो. त्यानंतर किती वेळ मिळतो, हे तुला स्वतःच काढता येईल : सौरवारा सेकंदाला 400 किलोमीटर वेगाने येत असेल तर 15 लाखांना 400 ने भागल्यावर 3,750 सेकंद, म्हणजे तासाभराहून थोडा अधिक वेळ, वेग 800 असेल तर अर्ध्या तासाहून किंचित जास्त. इन्व्हरकार्गिलजवळच्या गोठ्यावरून ब्लफच्या किनाऱ्यावर पोहोचायला तेवढा वेळ पुरतो.