उपकेंद्रातील रजिस्टर केव्हा बंद करावे?

ॲपमध्ये नोंदी सुरू झाल्यावर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे कागदी रजिस्टर बंद करावे का, असे आपण नव्याने रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या भूमिकेतून विचारले आहे. माझ्या मते, ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णांची यादी ॲपमधून काढून दर आठवड्याला आशाताईंच्या हाती देता येऊ लागेपर्यंत ते बंद करू नये.

ओपीडी संपल्यावर रजिस्टर पुढ्यात घेऊन पोर्टल भरण्याची पद्धत जिथे रुळते, तिथे रक्तदाबाचे आकडे संशयास्पदरीत्या शून्यावर संपू लागतात. 134/86 असा आकडा औषधालाही सापडत नाही. ही नोंद वरिष्ठांच्या आढाव्यापुरती असते, आणि भरणाऱ्यालाही ते ठाऊक असते. 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात वापरलेल्या ‘सिंपल’ ॲपची रचना मला म्हणूनच पटते: रुग्णाच्या कार्डावरील क्यूआर कोड स्कॅन करायचा, रक्तदाब, औषधे आणि पुढची तारीख एवढेच भरायचे, जो तारीख चुकवेल तो आपोआप वेगळ्या यादीत येतो.

आभा क्रमांकाबद्दल, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य ओळख क्रमांकाबद्दल, मात्र भाबडेपणा नको. चौदा अंकी क्रमांक काढला म्हणून बीडहून ऊसतोडणीला निघालेल्या मजुराची नोंद आपोआप कारखान्याजवळच्या दवाखान्यात पोहोचत नाही. त्यासाठी आपली नोंद त्या क्रमांकाला जोडलेली असावी लागते, तिथली संगणक प्रणाली आभाच्या जाळ्याशी जोडलेली असावी लागते आणि रुग्णाची संमतीही लागते. त्यामुळे हंगामाला निघण्यापूर्वी ‘अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, रोज एक’ असे औषध, शेवटचा रक्तदाब आणि तारीख कार्डावर हाताने लिहून द्यावीच.

सर्वांत चिवट अडचण दुबार नोंदींची आहे. आधारवर माहेरचे नाव, माता-बाल नोंदीत सासरचे नाव आणि मोबाइल दिराचा, अशी एकच बाई दोन रुग्ण म्हणून नोंदली जाते. एका नावाने ती नियमित औषध घेते, तर दुसऱ्या नावाने न आलेल्यांच्या यादीत येते, आणि आशाताई तिच्या घरी विनाकारण खेटे घालतात. त्यामुळे नवी नोंद उघडण्याआधी दोन्ही नावांनी आणि घरातल्या प्रत्येक मोबाइल क्रमांकाने शोध घ्यावा, आणि हे काम गावातली नाती ओळखणाऱ्या आरोग्यसेविकेला शेजारी बसवूनच करावे.