‘सॅलरी कॅप’ला मराठीत काय म्हणावं?

टोरांटोजवळ राहणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा टोरांटो मेपल लीफ्स या हॉकी संघाचा चाहता आहे. आपल्याकडची मैदानी हॉकी नव्हे, बर्फावरची. दर रविवारी तो साताऱ्यातल्या आजोबांना फोनवर संघाच्या बातम्या सांगतो. मिच मार्नर हा त्याचा लाडका खेळाडू संघ सोडून गेला तेव्हा कारण सांगताना गाडी ‘सॅलरी कॅप’पाशी अडली. फोनमधल्या भाषांतराने ‘पगाराची टोपी’ असा शब्द दिला. आजोबा जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी विचारलं, “म्हणजे टोपी घातली कुणी कुणाला?” ताईंना या शब्दासाठी मराठी शब्द हवा आहे, आणि जमलं तर ‘रोस्टर’, ‘कॅप हिट’, ‘ट्रेड’ यांच्यासाठीही.

आजोबांची शंका अगदी रास्त आहे. मराठीत टोपी घालणे म्हणजे फसवणे, त्यामुळे ‘वेतनटोपी’, ‘पगारटोपी’ हे शब्द जन्मालाच यायला नकोत. इंग्रजीत इथे कॅप म्हणजे वरून लागलेली सीमा. प्रश्न एवढाच उरतो की ही सीमा नेमकी कशावर आहे.

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडू संघटना यांच्या भांडणात रद्द झाला, त्या वर्षी विजेतेपदाचा स्टॅन्ली कप कुणालाच मिळाला नाही. त्या तंट्याचा शेवट ज्या करारात झाला, त्याने २००५-०६ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर ३ कोटी ९० लाख डॉलरची सीमा घातली. लीगच्या उत्पन्नाबरोबर ती वाढत गेली आणि २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख डॉलर झाली. खालच्या बाजूलाही सीमा आहे: त्याच मोसमासाठी ती ७ कोटी ६ लाख ठरली.

आता पहिला सुचणारा शब्द ‘वेतनमर्यादा’. तो मला पटत नाही, कारण तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत २०१४ साली १५,००० रुपये झालेली वेतनमर्यादा आपण ऐकलेली असते. ती एका माणसाच्या पगाराची असते. ‘संघावर वेतनमर्यादा आहे’ असं वाचणारा मराठी माणूस समजेल की कुणाही खेळाडूला अमुक रकमेपेक्षा जास्त देता येत नाही. तसाही एक नियम तिथे आहे, एका खेळाडूला एकूण सीमेच्या २० टक्क्यांपर्यंतच करार मिळतो. पण ज्याच्यावर सगळ्या संघांची झोप उडते तो नियम एकट्याचा नाही, सगळ्यांच्या बेरजेचा आहे.

‘मानधन’ तर नकोच. क्रिकेटच्या बातम्यांमुळे तो शब्द खेळाडूंना चिकटला आहे, पण मानधन म्हणजे मान राखून दिलेली रक्कम. बर्फावरची ही माणसं कराराने बांधलेली, संघटना असलेली, लीगच्या उत्पन्नात निम्म्या वाट्यावर हक्क सांगणारी नोकरदार माणसं आहेत. वर्षअखेरीस तो निम्मा वाटा जुळावा म्हणून त्यांच्या पगारातून काही हिस्सा अनामत कापूनही ठेवतात. त्यांना मिळतो तो पगारच. पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेला हा शब्द मूळ भाषेत ‘चुकते करणे’ या अर्थाचा आहे, आणि इथे तो चपखल बसतो.

आजोबा मुख्याध्यापक होते म्हणजे त्यांनी दर महिन्याला पगारबिल केलं असणार. शाळेतल्या सगळ्यांचे पगार, भत्ते, कपाती एका कागदावर आणि तळाशी बेरीज. सॅलरी कॅप त्या तळाच्या बेरजेवर असते. म्हणून माझं उत्तर: पगारबिलाची कमाल मर्यादा. लिहिताना एवढं लांब नको असेल तर ‘पगारबिल-मर्यादा’. आणि बोलताना? बोलताना ‘सीलिंग’ म्हणा.

हा इंग्रजी शब्द मी मुद्दाम सुचवतो आहे, कारण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तो साठ वर्षं मराठी म्हणूनच राबला आहे. १९६१ चा शेतजमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा कुणी त्या नावाने ओळखत नाही. तो सीलिंगचा कायदा. ‘त्यांची चाळीस एकर सीलिंगमध्ये गेली’ हे वाक्य माझ्या आजोळी मी लहानपणापासून ऐकलं आहे. पुढच्या दुरुस्तीनंतर बारमाही ओलिताची १८ एकर ते कोरडवाहू ५४ एकर अशी मर्यादा आली, आणि ती कुटुंब घटकाच्या एकूण जमिनीवर. म्हणजे एकेका माणसावर नाही, घरावर. लीगमधला संघ हा असाच एक घटक आहे. त्याने कुणाच्या नावावर किती ठेवायचं ते त्याचं त्याने ठरवावं, बेरीज तेवढी वर जाता कामा नये. एवढा अनुभव पोटात घेतलेला शब्द आपल्याकडे असताना नवा संस्कृत जोडशब्द पाडायची मला गरज वाटत नाही.

सीलिंग आलं की ते चुकवण्याच्या वाटाही आल्या. आपल्याकडे कागदोपत्री वाटण्या झाल्या. हॉकीत वाटणी वर्षांमध्ये झाली. त्यासाठी आधी ‘कॅप हिट’ समजून घ्यावं लागतं. खेळाडूला एखाद्या वर्षी प्रत्यक्ष किती पैसे मिळतात ते सीलिंगमध्ये धरत नाहीत. कराराच्या एकूण रकमेला वर्षांनी भागून जी सरासरी येते ती दरवर्षी संघाच्या नावे पडते. या रकमेला मी ‘बोजा’ म्हणेन. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढतो, कर्ज फिटलं की उतरतो. शेतकऱ्याच्या हातात त्या वर्षी किती पैसे खेळले याच्याशी त्या नोंदीला देणंघेणं नसतं. कॅप हिटचंही तसंच. तो ‘फटका’ नाही, ‘आघात’ तर नाहीच नाही.

२०१० साली न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यातले साडेनऊ कोटी पहिल्या दहा वर्षांतच मिळणार होते. शेवटची वर्षं, तो ४४ वर्षांचा होईपर्यंतची, नाममात्र रकमेची. ती वर्षं जोडल्यामुळे सरासरी ६० लाखांवर आली, म्हणजे बोजा हलका झाला. लीगने करार फेटाळला आणि लवादानेही लीगची बाजू उचलून धरली. हे ज्याने सीलिंगच्या काळातली फेरफारांची वही पाहिली आहे त्याला दोन मिनिटांत कळेल. म्हणूनच ‘कॅप सर्कमव्हेन्शन’ला ‘सीलिंग चुकवणे’ यापेक्षा चांगलं मराठी मला दिसत नाही.

बोजा उतरत नाही अशीही स्थिती येते. मिनेसोटा वाइल्ड संघाने २०१२ मध्ये झॅक पॅरिसे आणि रायन सूटर यांच्याशी प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाखांचे करार केले. जुलै २०२१ मध्ये दोघांनाही उरलेल्या कराराचा काही हिस्सा देऊन मोकळं केलं. अशा वेळी साधारणपणे उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश दुप्पट वर्षांत विभागून द्यायचे असतात. माणसं गेली, बोजा राहिला. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही मोसमांत मिनेसोटाच्या सीलिंगमधले सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर या दोन, आता मिनेसोटाकडून न खेळणाऱ्या नावांवर अडकून होते. इंग्रजीत याला मेलेली रक्कम म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘पडीक’ म्हणावं. पडीक जमीन मेलेली नसते. ती धारणेत मोजली जाते, फक्त पिकत नाही. इथे नेमकं तेच घडतं. २०२५-२६ मध्ये ही पडीक रक्कम १७ लाखांच्या आत आली, आणि त्या मोसमाच्या तोंडावर मिनेसोटाने किरिल काप्रिझोवला आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले. पडीक रान मोकळं झालं आणि मोठं पीक घेतलं.

‘रोस्टर’ म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी. तिला ‘पट’. यात मला तिळमात्र शंका नाही. हजेरीपट, पटसंख्या, पटावर नाव असणे, हे सगळं मराठी शाळेने घडवलेलं आहे. मोसमात संघाच्या पटावर जास्तीत जास्त २३ खेळाडू असतात. आणि पटावर नाव आहे पण वर्गात मूल नाही, हा प्रकार तर महाराष्ट्राला ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीपासून चांगलाच ठाऊक आहे. लीगमध्ये फरक असा की तो नियमात बसतो. शे वेबर हा बचावपटू २०२१ च्या अंतिम मालिकेनंतर दुखापतींमुळे एकही सामना खेळला नाही. पण त्याचा २०१२ चा १४ वर्षांचा करार जिवंत होता, वर्षाला ७८ लाखांहून अधिक बोजाचा. तो करार माँट्रियलकडून व्हेगसकडे, मग ॲरिझोनाकडे, तिथून युटामार्गे शिकागोकडे गेला. मधल्या काळात, २०२४ मध्ये, वेबरचा हॉकीच्या सन्मान दालनात समावेशही झाला. न खेळणारा माणूस ॲरिझोनाने का घ्यावा? कारण खालची सीमा. बोजा मोठा आणि प्रत्यक्ष द्यायचा पैसा कमी, त्यामुळे गरीब संघाला किमान पगारबिल स्वस्तात गाठता येतं. अशा खेळाडूला ‘पटापुरता खेळाडू’ म्हटलं की आजोबांना पुढे काही सांगावं लागणार नाही.

‘ट्रेड’ म्हणजे एका संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देणं. त्याला बरेच जण ‘बदली’ म्हणतील. मोह समजू शकतो. सरकारी नोकराची बदली होते तशी खेळाडूचीही बहुतेकदा त्याला न विचारता होते, पगार तोच राहतो. पण खेळात ‘बदली खेळाडू’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी उतरलेला. शिवाय गिरणगावात हा शब्द आणखी नेमका होता: कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या सांच्यावर उभा राहायचा तो बदली कामगार. लीगमध्ये त्याला तंतोतंत जुळणारा नियम आहे. खेळाडू दीर्घ दुखापतीच्या रजेवर गेला की त्याच्या बोजापोटी सूट घेऊन संघ सीलिंगच्या वर जाऊन बदली माणसं घेऊ शकतो. टँपा बे लायटनिंगचा निकिता कुचेरोव २०२०-२१ चा साखळी मोसम पूर्ण रजेवर होता. बाद फेरीत सीलिंग लागू नव्हतं, तो पहिल्याच सामन्याला उतरला, ३२ गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवून सर्वांत पुढे राहिला आणि टँपाने कप जिंकला. रजेवरचा कायम कामगार आणि बदली दोघेही एकाच पाळीत कामाला, असं ते दृश्य होतं. आता २०२५-२६ पासून बाद फेरीतही त्या दिवशी उतरणाऱ्या खेळाडूंच्या बोजाची बेरीज सीलिंगमध्ये बसावी लागते. मला हा बदल योग्य वाटतो. तर ‘बदली’ हा शब्द या रजेच्या नियमासाठी राखून ठेवू.

मग ट्रेड म्हणजे ‘अदलाबदल’. बैलबाजारात जशी बैलाला बैल, आणि वर चार पैसे. एवढंच की इथे वर रोकड द्यायला बंदी आहे. पुढच्या एखाद्या वर्षीच्या नवोदितांच्या निवडीतला क्रमांक वर देतात. समोरून जे येतं तो ‘मोबदला’. आणि बोजा वाटूनही घेता येतो. जानेवारी २०२५ मध्ये मिक्को रांतानेन कोलोरॅडोहून कॅरोलिनाला गेला तेव्हा त्याचा निम्मा बोजा, ४६ लाख २५ हजार डॉलर, तिसऱ्याच संघाने, शिकागोने आपल्या उताऱ्यावर चढवून घेतला. तो शिकागोकडून कधी खेळला नव्हता. शिकागोला मोबदल्यात तिसऱ्या फेरीतला निवडक्रमांक परत मिळाला. जामीन राहिल्याबद्दल मिळालेली दक्षिणा म्हणा.

‘ड्राफ्ट’ म्हणजे ती नवोदितांची निवड, आणि ‘वेव्हर’ म्हणजे पटावरून काढायच्या खेळाडूवर आधी इतर संघांना हक्क सांगू देणं. हे शब्द मी तसेच ठेवीन. त्यांच्यामागची व्यवस्था आपल्या जगण्यात कुठे नाही, त्यामुळे ओढूनताणून आणलेला शब्द समजावण्याऐवजी अडवील.

राहिला मार्नर. तो निव्वळ सीलिंगमुळे गेला असं मुलाने सांगू नये. त्याचा करारच संपत होता. पण २०२४-२५ मध्ये टोरांटोच्या ८ कोटी ८० लाखांपैकी ४ कोटी ६६ लाख चौघांच्याच नावे पडत होते: मॅथ्यूज, नीलँडर, तव्हारेस आणि मार्नर. उरलेल्या अख्ख्या पटाला निम्म्याहून कमी. तव्हारेसने १ कोटी १० लाखांवरून सुमारे ४४ लाखांवर यायचं मान्य केलं आणि राहिला. मार्नरने व्हेगससाठी वर्षाला १ कोटी २० लाखांचा आठ वर्षांचा करार केला. त्या वेळच्या नियमात आठ वर्षं फक्त स्वतःचा संघ देऊ शकत होता, म्हणून टोरांटोनेच सही करून त्याला पाठवलं आणि मोबदल्यात निकोला रॉय घेतला.

ताई, येत्या रविवारी मुलाने फोनवर एवढंच म्हणावं: “आजोबा, आमच्या संघाच्या पगारबिलाला सीलिंग आहे. चौघांचाच बोजा निम्म्याच्या वर गेला होता, बाकीचा पट कसा भरायचा? मार्नरचा करार संपत आलेला, म्हणून अदलाबदल करून निदान मोबदल्यात एक खेळाडू तरी घेतला.”