पोकरमध्ये समोरच्याने ऑल-इन केल्यावर (सगळ्या चिप्स लावल्यावर) कॉल करायचा (तेवढेच पैसे घालायचे) की फोल्ड (हात सोडायचा), हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की पणजीच्या कॅसिनोत ५०-१०० ब्लाइंडच्या (पत्ते वाटण्याआधी दोघांनी घालायच्या सक्तीच्या रकमांच्या) कॅश टेबलवर तुम्हाला राण्यांची जोडी आली. तुम्ही ३०० केले, बटणावरच्याने (वाटपाच्या जागेवर बसलेल्याने) १,०००, तुम्ही वाढवून २,४००, आणि त्याने एकूण १०,००० चा ऑल-इन टाकला. दोन तास तो जवळपास प्रत्येक हात सोडत होता. तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलात आणि शेवटी पत्ते टाकले. बरोबर केलं का, हा तुमचा प्रश्न.

चेहरा सगळ्यात शेवटी. आधी भाव काढा, म्हणजे कॉल परवडायला किती टक्के वेळा जिंकावं लागेल ते.

पॉटमध्ये, म्हणजे टेबलवर जमलेल्या पैशांत, त्याचे १०,०००, तुमचे २,४०० आणि ब्लाइंडचे १५०, म्हणजे १२,५५० पडलेत. तुम्हाला आणखी ७,६०० घालायचेत. घातल्यावर पॉट होतो २०,१५०. ७,६०० ला २०,१५० ने भागलं की साधारण ३८ टक्के येतात. म्हणजे शंभरातून अडतीस वेळा जिंकलात तरी बरोबरी होते. कॅसिनो पॉटमधून रेक, म्हणजे आपला वाटा, कापतं, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त लागेल. आधी घातलेले २,४०० आता तुमचे नाहीत, ते पॉटचे झाले. त्यांच्यामुळे भाव सुधारला, तेवढाच त्यांचा उपयोग. ‘एवढे घातलेत, आता कसं सोडू’ हे वाक्य मनात आलं की तिथेच थांबवा.

या हिशोबातली महत्त्वाची गोष्ट अशी की तुम्ही पुढे असण्याची गरजच नाही. बहुतेक वेळा हरणारा कॉलसुद्धा बरोबर असू शकतो. दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे पचायला जड जातं, कारण तिथे डोक्यात एकच प्रश्न असतो: माझी पानं मोठी की त्याची?

आता त्याच्या हातात काय असू शकतं ते. ‘याच्याकडे एक्केच असणार’ असा एकच हात धरून बसू नका. तो ज्या ज्या हातांवर असा ऑल-इन करेल ते सगळे मांडा आणि प्रत्येक किती प्रकारे येऊ शकतो ते मोजा. चार एक्क्यांतून जोडी सहा प्रकारे बनते. राजांचीही सहा. दोन राण्या तुमच्याकडे आहेत, म्हणून राण्यांची जोडी त्याच्याकडे फक्त एका प्रकारे. आणि एक्का-राजा? चार गुणिले चार, सोळा. एक्क्यांची आणि राजांची जोडी मिळून बारा होतात, एकटा एक्का-राजा त्याहून जास्त. ही एक गोष्ट डोक्यात बसली की ऑल-इनची भीती बरीच उतरते.

एक्के किंवा राजांपुढे तुमच्या राण्या १८-१९ टक्के जिंकतात, एक्का-राजापुढे ५६ च्या आसपास. एकोणतीसच्या एकोणतीस शक्यता धरून सरासरी काढली तर ४० टक्के येतात. लागत होते ३८. रेक वजा केला तर जेमतेम बरोबरी. त्यात गुलामांच्या जोडीच्या सहा शक्यता आल्या तर तुमची टक्केवारी ४७ वर जाते आणि कॉल सरळ होतो. उलट तो फक्त एक्के आणि राजांवरच हे करणारा असेल, तर प्रत्येक कॉलला सरासरी ३,८०० च्या वर जातात.

म्हणजे तुमच्या हाताचा सगळा निकाल एका गोष्टीवर आहे: हा माणूस एक्का-राजा घेऊन १०,००० टाकतो का? दोन तास हात सोडत बसलेला माणूस तुमच्या २,४०० पुढे एक्का-राजा बहुधा नुसता कॉल करतो किंवा सोडून देतो. म्हणून तुमचा फोल्ड मला पटतो. तो चेहऱ्यावरून करायला नको होता, एवढंच म्हणेन. त्याच्या दोन तासांनी तुम्हाला चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सांगितलं होतं.

फ्लॉपवर (टेबलवरची पहिली तीन पानं उघडल्यावर) फ्लशला (एकाच चिन्हाच्या पाच पानांना) एक पान कमी असेल तेव्हा हिशोब आणखी सोपा. नऊ पानं तुमच्या कामाची, आणि ऑल-इन असल्यामुळे टर्न आणि रिव्हर, म्हणजे चौथं आणि पाचवं पान, दोन्ही बघायला मिळणार हे नक्की, म्हणून (कामाच्या प्रत्येक पानाला दर वेळी सुमारे दोन टक्के धरून) नऊ गुणिले चार, सुमारे ३५ टक्के. पॉट ४,००० चा आणि त्याने ३,००० टाकले, तर तुम्हाला ३० टक्के हवेत. कॉल. हाच भाव टर्नवर मिळाला तर एकच पान उरतं, टक्केवारी २० च्या खाली येते, फोल्ड. अर्थात त्याच्याकडे तीन सारखी पानं असतील तर फ्लॉपवरचे तुमचे ३५ टक्के २५ वर येतात, तेही धरायला हवं.

रिव्हरवर मात्र सुधारायला काही उरत नाही. तिथे सगळा भार त्याच्या हातांच्या यादीवर. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अंतिम लढतीत टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला खेळाडू सॅमी फरहा समोरासमोर होते. टेबलवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी आणि शेवटी बदामाची तिर्री. फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती: फ्लश हुकला, सीक्वेन्स हुकला, हातात काहीच नाही. त्याने ऑल-इन टाकला. ‘तुझा फ्लश हुकला असणार’ अशा अर्थाचं फरहा बोललासुद्धा, आणि तरी त्याने पत्ते सोडले.

त्या टेबलवर हुकलेले हात भरपूर होते, इस्पिकचं एक मोठं पान असलेले आणि सत्ती असलेले. फरहाच्या इस्पिकच्या राणीमुळे समोरच्याचे काही पूर्ण फ्लश कमी होत होते, पण त्याच राणीमुळे काही हुकलेले हातही कमी होत होते. म्हणून फोल्ड अगदीच वेडा नव्हता. मला खटकतं ते हे की त्याने अंदाज अचूक बांधला होता आणि त्यावर पैसे लावले नाहीत. यादी मोजून आकडा भावाच्या वर निघाला, तर पोटात गोळा आला तरी कॉल करायचा. मोठ्या जमावापुढे चुकीचा कॉल दिसण्याची लाज पॉटच्या हिशोबात कुठेच बसत नाही.

दोघंच उरले असताना फरहापुढे निदान एक गुंता नव्हता: पहिलं बक्षीस २५ लाख डॉलर, दुसरं १३ लाख, म्हणजे दुसरं दोघांचंही पक्कं झालं होतं आणि चिप्सचा हिशोब तोच पैशांचा. टुर्नामेंटमध्ये त्याआधी तसं नसतं. कॅश टेबलवर १०,००० च्या चिप्स म्हणजे १०,००० रुपये. टुर्नामेंटमध्ये दुप्पट चिप्स झाल्या म्हणून अपेक्षित बक्षीस दुप्पट होत नाही, पण सगळ्या गेल्या तर तुम्ही बाहेर. त्यामुळे बक्षिसाची यादी सुरू व्हायला दोन-चार जण उरले असतील तेव्हा भावाने ३८ टक्के मागितले तरी मी त्यावर बराच अधिक फरक असल्याशिवाय कॉल करत नाही, विशेषतः माझ्याहून कमी चिप्सचे लोक टेबलवर असतील तर. त्यांना आधी बाहेर पडू द्यावं.

याचं टोक सॅटेलाइटमध्ये दिसतं. मनीमेकर त्या स्पर्धेत ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधूनच शिरला होता. अशा स्पर्धेत सगळ्या विजेत्यांना सारखंच बक्षीस, म्हणजे मोठ्या टुर्नामेंटची जागा मिळते. समजा दहा जागा आहेत, अकरा जण उरलेत, एकाकडे दोन ब्लाइंडपुरत्या चिप्स आहेत आणि तुमच्याकडे भरपूर. तेवढ्यात तुमच्याहून जास्त चिप्सवाल्याने ऑल-इन केलं आणि तुम्हाला एक्क्यांची जोडी आली. कोणत्याही दोन पानांपुढे एक्के सरासरी ८५ टक्के जिंकतात. तरीही फोल्ड करा, कारण हात सोडला तर जागा जवळजवळ पक्की आहे आणि जिंकून तुम्हाला दुसरी जागा मिळणार नाही.