वाचक विचारतात : निउएची भाषा कशी शिकावी?

प्रश्न : माझी मुलगी ऑकलंडला बालवाडीत शिकवते. तिच्या वर्गात प्रशांत महासागरातल्या निउए बेटावरच्या घरांतली मुलं आहेत. त्यांची भाषा धोक्यात आहे म्हणे. असं का झालं? मराठी माणसाने ती शिकायला सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : निउएच्या लोकांना न्यूझीलंडचं नागरिकत्व आहे, त्यामुळे तरुण तिकडे जात राहिले. २००४च्या हेटा वादळानंतर आणखी काही घरं उठली. आज बेटावर जेमतेम १,७०० माणसं आहेत, तर न्यूझीलंडमध्ये ३०,०००हून जास्त. पण तिथल्या बहुतेकांना ही भाषा बोलता येत नाही. खरी गळती तिथेच आहे.

सुरुवात उच्चारांपासून करा. लिपी रोमन आहे, पण 'जी' या अक्षराचा उच्चार ङ. 'अंक' म्हणताना क येण्याआधी थांबा, तोच नाकातला आवाज धरून पुढे 'अ' जोडा. मध्ये ग ऐकू आला, तर चुकलं. मूळच्या शब्दांत 'टी'पुढे इ किंवा ए आला, की उच्चार स-कडे झुकतो. 'फाकाअलोफा लाही आतु' या नमस्कारात सुरुवातीच्या शब्दात 'का'मधला स्वर आणि त्यापुढचा 'अ' वेगळे म्हणा, एकात मिसळू नका.

व्याकरणात मात्र मराठी माणसाला मोठा आधार आहे. सिओने हे एका माणसाचं नाव धरा. 'सिओने गेला', पण 'सिओनेने कॉफी प्यायली' हा भेद आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. इंग्रजीत वाढलेल्याला तो समजावून सांगावा लागतो. निउएत क्रियापद आधी येतं :

ने फानो आ सिओने. (सिओने गेला.)
ने इनु ए सिओने ए कोफे. (सिओनेने कॉफी प्यायली.)

दुसऱ्या वाक्यातला पहिला 'ए' आपल्या 'ने'चं काम करतो. कर्ता विशेषनाम नसून सामान्यनाम असेल, तर तिथे 'हे' येतो. कॉफीआधीचा 'ए' कर्माचा. इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. वाक्यारंभीचा 'ने' भूतकाळ दाखवतो, त्याचा आपल्या प्रत्ययाशी काही संबंध नाही. शिवाय आपण 'सिओने कॉफी पिईल' म्हणताना प्रत्यय सोडतो. निउएत भविष्यकाळातही तो 'ए' राहतोच.

मुलीला सांगा, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजीला बोलवा. खाऊच्या वेळी तिने निउएतच बोलावं, मध्ये इंग्रजी भाषांतर करू नये. वस्तू हातात असली की अर्थ मुलांना आपोआप कळतो. भाषांतराची सवय लागली, तर ती इंग्रजीचीच वाट बघत बसतात.