कायदा तोच, मग बंदी का?

प्रश्न : २०२१ मध्ये प्रेक्षकांकडून वर्गणी घेऊन निर्मात्यांच्या चित्रफिती दाखवणाऱ्या ‘ओन्लीफॅन्स’ या ब्रिटिश संकेतस्थळाने लैंगिक आशयावर बंदी जाहीर केली आणि आठवड्याच्या आत मागे घेतली. कायदा बदललेला नसताना असे का घडले?

उत्तर : कारण पैशाची वाट बँकांमधून जाते. १९ ऑगस्टला जाहीर झालेली ती बंदी १ ऑक्टोबरपासून लागू व्हायची होती. बँका व्यवहार अडवतात, असे कारण संस्थापक टिम स्टोकली यांनी दिले, आणि २५ ऑगस्टला निर्णय फिरला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून मास्टरकार्ड या कार्ड-व्यवहार कंपनीचे लैंगिक आशय विकणाऱ्या संकेतस्थळांसाठीचे नवे नियम लागू झाले. चित्रफितीत दिसणाऱ्या प्रत्येकाचे वय, ओळख आणि संमती यांची कागदोपत्री नोंद, प्रसिद्धीपूर्वी तपासणी आणि तक्रारीचा निकाल कामकाजाच्या ७ दिवसांत, अशा त्या अटी आहेत. संमतीविना टाकलेल्या चित्रफितींनी ज्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, त्यांच्यासाठी या अटी फार उशिरा आल्या, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र वर्गणीतून मिळणाऱ्या ८० टक्के वाट्यावर घरभाडे भरणाऱ्या, राजीखुशीने काम करणाऱ्या सज्ञान स्त्रीचे उत्पन्न बँकेच्या एका नकाराने थांबते, तेव्हा त्या नकाराची कारणे तिला लेखी मिळायलाच हवीत.