बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह ओपीडीला पाठवलंय, म्हणजे उपचार संपले का?

नाही, डॉक्टरांनी हात वर केले असा त्याचा अर्थ नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं आणि इतर त्रास कमी करणारे उपचार. केमो किंवा गोळ्या चालू ठेवूनही या ओपीडीला जाता येतं, आणि जितक्या लवकर जाल तितकं बरं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा २०१० सालचा अभ्यास आहे: फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच कळलेले १५१ रुग्ण. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांना पॅलिएटिव्हची जोड मिळाली त्यांच्यात नैराश्य कमी होतं, रोजचं जगणं सुसह्य होतं, आणि आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने निघाला. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ८.९. मात्र आयुष्य वाढल्याचं पुढच्या सगळ्याच अभ्यासांत दिसलेलं नाही, त्यामुळे त्या आकड्यावर हिशेब मांडत बसू नका. त्रास कमी होतो, हे जास्त पक्कं.

पहिल्या भेटीआधी एवढं करा:
- दुखणं वहीत लिहा: कुठे, किती वाजता, दहापैकी किती.
- मॉर्फिन दिलं तर दचकू नका, पण त्याने बद्धकोष्ठ हमखास होतं. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या.
- ईजीएफआर, एएलके या तपासण्या (कॅन्सरच्या पेशींच्या जनुकांतले बदल शोधणाऱ्या) झाल्यात का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. काहींना त्यावरून केमोऐवजी गोळ्या चालतात.

आणि ‘बाबांना सांगू नका’ असं नातेवाईक म्हणतीलच. ‘तुम्हाला किती माहिती हवी आहे?’ असं बाबांनाच विचारा. बहुतेक वेळा पेशंटला अंदाज आलेला असतो.