डावीकडचा थर्माकोल

अगं मुली,

रविवारी दादरला इराण्याकडे, आपल्या फोटोंच्या बैठकीतून, अर्धा चहा तसाच ठेवून उठलीस, तेव्हाच ओळखलं की रात्री मेसेज येणार. आला. ‘काका, फोटो वाईट होता तर सरळ सांगायचं ना.’ आता सरळ सांगतो. फोटो वाईट नव्हता. त्याच्यावरचं बोलणं वाईट होतं, आणि त्यात थोडा वाटा तुझाही होता.

आठवून बघ. भाऊच्या धक्क्यावरची ती कोळीण, डोक्यावर पाटी, मागे बोटींची दाटी. पहिला म्हणाला, ‘कडक!’ दुसरी म्हणाली, ‘मस्तच गं, पण काहीतरी कमी वाटतंय.’ तिसऱ्याने फोटो स्वतःच्या फोनवर मागवला आणि ‘काळपट आलाय’ म्हणून निकाल दिला. चौथा लेन्स कुठली ते विचारत बसला. आणि तू मध्येमध्ये सांगत होतीस की पहाटे चारला उठले, डॉकयार्ड रोडला उतरून अंधारात चालत गेले, ती मावशी आधी ओरडली, मग हसली. पाच-सात मिनिटं गेली. फोटोत काय आहे यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मीही नाही. मी बनमस्का खात होतो, ही माझी चूक.

आधी त्या ‘काळपट’चा निकाल लावू. तुझ्या फोनचा ब्राइटनेस कायम पूर्ण चढवलेला असतो, त्याचा फोन बॅटरी वाचवायच्या मोडवर होता. तुम्ही दोघं फोटोवर नाही, काचेवर भांडत होतात. अशा वेळी हिस्टोग्राम उघडायचा, म्हणजे फोटोत डावीकडे काळोख ते उजवीकडे उजेड किती आहे ते डोंगरासारखं दाखवणारा आलेख. सगळा डोंगर डाव्या भिंतीला चिकटला असेल तर काळोख खरा. उजव्या भिंतीवर आदळला असेल तर उजेड उडाला. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाला काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. सगळं सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसलं की तिथला तपशील कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. पावसाळ्यातलं आपलं पांढरंफटक आकाश निम्म्या फोटोंत असंच जातं. तुझं गेलेलं नाही, मी बघितलं.

आता मी काय बोलायला हवं होतं ते. माझी नजर पहिल्यांदा गेली तिच्या वर उचललेल्या कोपरावर. तिथून पाटीच्या कडेला. कडेवरून बर्फाचं पाणी गळतंय, ते तिच्या गालावर उतरतंय, आणि त्या बाजूचा डोळा तिने घट्ट मिटून घेतलाय. दुसरा उघडा आहे, रस्ता बघतोय. हा तुझा फोटो. बोटी, दोर, कावळे हे सगळं सामान. पण मी त्या मिटल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो न पोहोचतो, तोच डाव्या कडेला अर्धवट कापलेला थर्माकोलचा खोका मला खेचून घेतो. अख्ख्या फ्रेममध्ये सगळ्यात पांढरी वस्तू तीच, आणि नजर उजेडाकडे धावतेच. दुसरीला जे ‘काहीतरी कमी’ वाटत होतं ना, ते कमी नव्हतं, जास्त होतं. तिला खटकलं खरं, फक्त बोट कुठे ठेवायचं ते सापडलं नाही.

आता त्या खोक्याचं काय करायचं? डावीकडून कापलास तर पाटीची कडही जाईल आणि पाणी कुठून येतंय ते कळणार नाही. गडद करता येईल. डार्करूममध्ये आम्ही बाकी कागदावर पुठ्ठा धरून तेवढ्याच कोपऱ्याला जास्त प्रकाश द्यायचो, त्या कागदावर प्रकाश जास्त पडला की तो जास्त काळा होतो, तसंच ते. पुसून मात्र टाकू नकोस. मी पेपरात वाढलो, फोटोतली वस्तू गायब करणं माझ्या पचनी पडत नाही. खरा इलाज धक्क्यावरच होता. दोन पावलं उजवीकडे सरकली असतीस तर खोका तिच्या पाठीमागे गेला असता. पण ते आता पुढच्या वेळी.

कापण्यावरून कुणी तुला ‘क्रॉप म्हणजे पाप’ असं ऐकवलं तर फार मनावर घेऊ नकोस. न कापण्याबद्दल ज्याचं नाव सगळे घेतात त्या फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँने १९३२ साली पॅरिसमध्ये टिपलेला, डबक्यावरून उडी मारणारा माणूस कापूनच छापलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांतून फोटो काढला होता, एक फळी फ्रेममध्ये आली होती.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना तू फार पटकन चांगली होतेस. ‘वॉव’ म्हणून मोकळी. त्याच्या उलट रोग मला होता. लालबागच्या एका खानावळीतला फोटो एका मुलाने आणला होता, बरीच वर्षं झाली. मी एकामागून एक चुका काढल्या. ट्यूबलाइटचा हिरवा रंग, वाकडी भिंत, डोक्यातून उगवलेला पंखा, फोकस मागच्या कॅलेंडरवर. सगळं बरोबर होतं. भोवतीचे लोक मान डोलवत होते आणि मला चढत गेलं. मुलगा ‘थँक यू सर’ म्हणाला आणि पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतरही नाही. आज त्या फोटोतलं मला एकच आठवतं. वाढणाऱ्या बाईचा हात, आमटीचा डाव ताटावर तिरका धरलेला, आणि जेवणाऱ्याने ‘पुरे’ म्हणून त्याच्या खाली आडवा धरलेला पंजा. दोन हातांमध्ये जेमतेम चार बोटांचं अंतर. हे मला तेव्हाही दिसलं होतं. बोललो नाही, कारण ते बोलून मी हुशार दिसलो नसतो.

म्हणून आता कुणी फोटो पुढे केला की मी आधी नुसता बघतो, मनात वीस आकडे मोजतो. मग नजर कुठून कुठे गेली आणि कुठे अडली, ते मोठ्याने सांगतो. मग विचारतो, ‘तुला काय दाखवायचं होतं?’ चुका त्यानंतर, आणि त्याही ज्या त्या दाखवण्याच्या आड येतात तेवढ्याच. क्षितिज दोन अंश कललंय आणि फोटो मिठीचा आहे, तर क्षितिज गेलं खड्ड्यात. चौपाटीवर नुसता समुद्र असेल तर तेच क्षितिज सगळं बिघडवतं.

आणि फोटो तुझा असेल तेव्हा गप्प बस. हे तुला जड जाणार, पण बस. पहाटे चारचा गजर फ्रेममध्ये दिसत नाही. तू सांगितलंस की लोक फोटो सोडून तुझ्या कष्टांना दाद द्यायला लागतात. वही काढ आणि लिहून घे, शब्द न बदलता. त्याच रात्री त्यातलं काही खरं मानू नकोस, खोटंही मानू नकोस. दोन दिवसांनी वाच. माझा अनुभव असा की लोक कुठे अडले ते बहुतेक वेळा बरोबर सांगतात आणि त्यावरचा उपाय बहुतेक वेळा चुकीचा सांगतात. तिघं एकाच कोपऱ्याला अडखळले तर तो कोपरा बघायलाच हवा. त्यांनी सुचवलेलं ब्लॅक अँड व्हाइट, व्हिग्नेट (कडा काळवंडणं) वगैरे ऐकलंच पाहिजे असं नाही.

आणखी एक. ‘कडक’ म्हणणाऱ्याने आधी कुणाचा फोटो आहे ते बघितलं होतं, मग फोटो बघितला. हे जुनंच दुखणं आहे. आपल्या जे.जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशा यांच्या नावाने छापले जायचे. बाईच्या नावाला तेव्हा कोण विचारतं? फोटो तेच, वरचं नाव वेगळं. तेव्हापासून आपण फार सुधारलो असं मला रविवारी तरी वाटलं नाही.

तर येत्या रविवारी फोन पिशवीत राहतील. सगळ्यांना सांगितलंय, प्रत्येकी तीन प्रिंट, सहा बाय चार, मागे पेन्सिलीने बारीक नाव, टेबलावर मिसळून ठेवायच्या. इराण्याला खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवलंय, तिथे उजेड बरा असतो.

तू कोळणीचा आणच. शिवाय त्याच्या आधीचे आणि नंतरचे जे काढलेस, तेही सगळे आण. तिने डोळा पुसला असणार कधीतरी, तो हात मला बघायचाय. आणि एक जादा प्रिंट तिच्यासाठी काढ. धक्क्यावर नेऊन दे आणि ती आधी कुठे बघते ते लक्षात ठेव. बहुतेक म्हणेल, ‘अगो, डोळा मिटलेला कशाला काढलास?’ तेही वहीत लिही.

चहाचे पैसे मी दिलेत, तुझ्याकडून येणं आहे.

काका